बंद पडलेल्या हवाई मार्गांचाही हिशेब द्या

महोदय,
27 एप्रिल 2017 रोजी पंतप्रधानांनी शिमल्याहून लहान शहरांना स्वस्त विमानसेवेने जोडणाऱ्या ‘उडान’ योजनेचा शुभारंभ केला, त्याच दिवशी नांदेड-हैदराबाद विमानही सुरू झाले. ते ट्रूजेट कंपनीचे होते. पुढे 2022 मध्ये कंपनीच थांबली आणि तिच्या यादीतली सगळी गावे एकदम ‘माजी’ झाली. नांदेड त्यातलेच. आमच्या गावाने याआधी किंगफिशरचेही विमान पाहिले होते आणि ती कंपनीही बंद पडली, हे सर्वांना ठाऊक आहे.

आईच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी आम्ही त्या हैदराबादच्या विमानाने एकदा गेलो होतो. पंख्याचे छोटे विमान. वर गेल्यावर खाली विष्णुपुरी धरणाचे पाणी दिसले, तशी आईने काचेला नाक लावून हात जोडले. सकाळी घरून निघालेली बाई दुपारी डॉक्टरांसमोर बसली होती. ते विमान बंद पडल्यावर पुन्हा रात्रभराचा प्रवास आला. पहाटे स्टेशनवर उतरायचे आणि दवाखाना उघडेपर्यंत बाकावर बसून राहायचे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हे झेपत नाही.

विमान कंपनीला तोटा परवडत नाही, हे मान्य. पण ‘उडान’मध्ये तासाभराच्या प्रवासाला निम्म्या जागांचे भाडे सुरुवातीला अडीच हजारांच्या आसपास बांधून दिले होते आणि कंपनीची तूट तीन वर्षे सरकार भरून देणार होते. त्या निधीसाठी मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर शुल्क बसवले, त्यात राज्याचाही वाटा. म्हणजे पैसा लोकांचाच. मग त्याचे फलित काय? महालेखापरीक्षकांच्या 2023 च्या अहवालानुसार योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांत 774 मार्ग दिले गेले, त्यातले 371 सुरू झाले. तीन वर्षे पूर्ण केली 112 मार्गांनी. आणि मुदतीनंतरही, मार्च 2023 पर्यंत, टिकले फक्त 54. हे आकडे वाचून मला नांदेडचे वाईट वाटलेच, पण ज्या गावांत विमान एकदाही उतरले नाही त्यांचे जास्त वाटले. तिथे विमानतळासाठी जमिनी गेल्या असतील, तर त्या शेतकऱ्यांना आता कोण काय सांगणार?

नवा मार्ग सुरू होताना फीत कापतात, फोटो छापून येतात. बंद होतो तेव्हा लोकांना कळते ते तिकीट काढायला गेल्यावर. 2024 मध्ये स्टार एअरची विमाने नांदेडला येऊ लागली तेव्हा आनंद झाला, पण जुना अनुभव असल्याने धास्तीही वाटली. माझी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाला विनंती आहे, की प्रत्येक ‘उडान’ मार्गाची मदत कोणत्या तारखेला संपते ते विमानतळावर ठळक लावावे. मार्ग बंद करायचा असेल तर निदान तीन महिने आधी कारणांसह जाहीर करावे. चालू मार्गांच्या यादीसोबत बंद झालेल्यांची यादीही प्रसिद्ध व्हावी, कंपनीचे नाव आणि दिलेल्या मदतीच्या रकमेसह. आमच्या खासदारांनी हा प्रश्न येत्या अधिवेशनात विचारावा.

– एक नांदेडकर