ताटाची डावी बाजू

महोदय,

पक्षाघाताचा झटका आलेल्या रुग्णाला साडेचार तासांच्या आत रुग्णालयात पोहोचवावे, हे आता सोलापुरात बऱ्याच जणांना ठाऊक झाले आहे. झटक्यानंतर घरी परतलेल्या माणसाचे काय होते, याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही.

माझ्या वडिलांच्या मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली. येथील एका रुग्णालयातून हातापायांच्या व्यायामाचा कागद घेऊन आम्ही घरी आलो आणि आठ दिवसांत आई रुसली, कारण जन्मभर भाकरीबरोबर शेंगाचटणी मागून घेणारा माणूस आता तिला बोटही लावत नव्हता. चटणी, मीठ, लिंबू आपण ताटात डावीकडे वाढतो, आणि वडिलांच्या लेखी ती बाजूच उरलेली नव्हती. एकदा मी सहज ताट फिरवले, तर "ही आत्ता वाढलीस का?" असे विचारून त्यांनी ती चाटूनपुसून खाल्ली. (आपल्या दैनिकाचे मथळे अर्धवट छापलेले असतात, ही त्यांची तक्रारही त्याच दिवसांतली.)

डोळ्यांच्या तपासणीत दोष निघाला नाही. दीड महिन्याने एका फिजिओथेरपिस्टताईंनी सांगितले, की बिघाड नजरेत नसून लक्ष पुरवणाऱ्या यंत्रणेत आहे आणि तो रुग्णाला स्वतःला जाणवतही नाही. हे दुर्लक्ष आठवणीतही शिरते. इटलीतील बिसियाक आणि लुझ्झाती यांनी १९७८ मध्ये अशा दोन रुग्णांना मिलानच्या कॅथेड्रलसमोरील चौक आठवायला सांगितला, तेव्हा त्यांनी मुख्यतः उजवीकडच्याच इमारती सांगितल्या. समोरच्या टोकाला उभे असल्याची कल्पना करायला लावताच आधी गाळलेल्या इमारती आठवल्या. मी वडिलांना आमच्या गल्लीतील दुकाने विचारली. जाताना किराणा आणि पिठाची गिरणी, येताना फक्त शिंपी आणि सलून!

मेंदू लवचीक असतो, सरावाने त्याचे शाबूत भाग काही कामे उचलतात, म्हणून आम्ही वर्तमानपत्राच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावतो आणि ती दिसेपर्यंत वाचन सुरू करू देत नाही. फरक पडतो आहे, पण सावकाश. ते पहिले दीड महिने वाया गेले याची हळहळ वाटते.

कागदावरील आडव्या रेघेचा मध्य दाखवायला सांगितले, तर असा रुग्ण पुष्कळदा खूण बरीच उजवीकडे करतो. एवढी साधी चाचणी घरी सोडण्यापूर्वी करून तिचा निष्कर्ष डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहावा, अशी शहरातील रुग्णालयांना विनंती आहे.

– एक वाचक, सोलापूर