कोंबड्या आणण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. बागेत कोंबड्या पाळायचं तू नक्की केलंस हे वाचून इतका आनंद झाला की उत्तर लगेच लिहायला बसणार होतो. मग वाटलं, दोन दिवस थांबू आणि सगळं आठवून लिहू. कोणती जात घेऊ, असं तू विचारलंयस. ते शेवटी सांगतो. आधी खुराडं. ते पुरतं बांधून होईपर्यंत एकही पक्षी घरी आणू नकोस. मी उलट केलं. आधी कोंबड्या आणल्या, मग घाईने खुराडं ठोकलं, आणि त्या घाईत माझी भुरी गेली.

षटकोनी भोकांची ती पातळ जाळी असते ना, कोंबड्यांची जाळी म्हणूनच ओळखतात तिला, तीच मी सगळीकडे लावली होती. ती कोंबडीला आत ठेवते एवढंच. बाहेरच्या जनावराला ती अडवत नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो, आणि मुंगसाला किंवा सापाला तर एखादी सैल कडाही पुरते. एका रात्री जाळीचा खालचा कोपरा उचकटला गेला. सकाळी गेलो तेव्हा आत पिसं पसरली होती आणि उरलेल्या दोघी सगळ्यात वरच्या दांडीवर एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. दार उघडलं तरी कितीतरी वेळ खाली उतरल्या नाहीत. ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

म्हणून तू अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची, जाड तारेची वेल्डेड जाळी घे. झरोक्यांनासुद्धा तीच. उकरणारं जनावर भिंतीच्या अगदी पायथ्याशी खणायला सुरुवात करतं, तेव्हा जाळीचा एक पट्टा बाहेरच्या बाजूने दीड फूट जमिनीवर आडवा अंथर आणि त्यावर माती टाक. घारी-ससाण्यांसाठी मोकळ्या आवारावरही जाळी हवी. दाराला नुसती फिरती खिटी पुरत नाही. आधी उचलून मग सरकवावी लागेल अशी कडी बसव. आणि रोज दिवेलागणीला कोंबड्या झाकताना त्या मोज. चार असोत की दहा, बोट करून मोज. ‘आल्या असतील सगळ्या’ असं मनाशी म्हणून दार लावायचं नाही.

जागेचा हिशोब सोपा आहे. आत प्रत्येकीला निदान 4 चौरस फूट, बाहेरच्या आवारात 10 चौरस फूट. दाटी झाली की त्या एकमेकींची पिसं उपटतात, आणि एकीला रक्त आलं की बाकीच्या त्याच जागी टोचत राहतात. बसायच्या दांडीवर प्रत्येकीला 8 ते 10 इंच जागा दे, आणि दांडी अंड्यांच्या खोक्यापेक्षा उंच ठेव, नाहीतर त्या खोक्यातच झोपून ते घाण करतील. हवेचे झरोके त्यांच्या डोक्याच्या वर असू देत, म्हणजे हवा खेळेल पण झोत अंगावर येणार नाही. सकाळी दार उघडल्यावर नाकाला अमोनियाचा झणका आला तर समज, हवा कमी पडतेय किंवा खालचं तूस ओलं झालंय. त्यांची फुप्फुसं फार नाजूक असतात रे.

थंडीची तू काळजी केलीयस, पण कोरडी थंडी त्या पिसं फुलवून निभावतात. खरा धोका उन्हाचा. कोंबडीला घामाच्या ग्रंथीच नसतात, आणि तिच्या शरीराचं तापमान मुळातच 41 अंशांच्या आसपास असतं. चोच उघडी टाकून धापा टाकायला लागली, पंख अंगापासून दूर धरले, की तिला लगेच सावलीत ने आणि गार पाणी दे. एक कोंबडी दिवसाला पाव ते अर्धा लिटर पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त. पाण्याची भांडी दोन ठिकाणी ठेव, कारण दांडगी कोंबडी एका भांड्यापाशी दुबळीला फिरकू देत नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. एकदा माझ्या कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात जाईनात. एरवी उजेड कमी झाला की आपण होऊन रांगेने आत जाणाऱ्या, त्या दाराशी घुटमळायच्या, पेरूच्या फांदीवर चढायच्या. मी आठवडाभर त्यांना पकडून आत कोंबत राहिलो. मला वाटलं, हट्ट करतायत. मग त्यांच्यातल्या एकीचा, चांदणीचा, तुरा फिकट दिसायला लागला. एका रात्री विजेरी घेऊन गेलो, दांडीच्या टोकाशी असलेल्या फटीवरून पांढरा कागद फिरवला, तर कागदावर रक्ताचे बारीक डाग उमटले. लाल माइट. हे किडे दिवसा लाकडाच्या फटींत दडून असतात आणि रात्री झोपलेल्या कोंबडीचं रक्त पितात. त्या बिचाऱ्या मला आठवडाभर सांगत होत्या आणि मी त्यांना रोज त्याच जागी कोंडत होतो.

मग सगळं बाहेर काढलं, तूस जाळलं, फटी घासून धुतल्या, आणि पशुवैद्यांनी दिलेलं औषध मारलं. आठवड्याने पुन्हा मारलं, कारण उबेत त्यांची नवी पिढी तेवढ्यातच तयार होते, आणि अन्नावाचून ते कित्येक महिने फटीत तग धरून राहतात. म्हणून खुराड्याला फटी जितक्या कमी तितकं बरं. कोंबड्यांना धुळीत लोळायला कोरड्या मातीचा एक खड्डा पावसापासून आडोशाला करून ठेव; अंगावरच्या उवा त्या तिथेच झाडून टाकतात.

कोंबडी आजार लपवते. कळपात दुबळं दिसणं तिला धोक्याचं असतं, म्हणून आपल्याला कळेस्तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. रोज सकाळी दाणे टाकताना दहा मिनिटं नुसता बघत उभा राहा. कोण मागे राहिली, कोणाची शेपटी खाली आहे, कोण पिसं फुलवून डोळे मिटून उभी आहे. तरुण पिल्लांच्या शिटीत रक्त दिसलं तर ती रक्ती हगवण, आणि ती ओल्या तुसातून पसरते. एक दिवसही थांबू नकोस. आठवड्यातून एकदा रात्री, त्या दांडीवर असताना, प्रत्येकीला हातात घेऊन तपास. अंधारात त्यांना फारसं दिसत नाही, त्यामुळे शांत राहतात. पंखाखाली बघ, गुदाभोवती बघ, पायांचे खवले उचललेले नाहीत ना ते बघ, छातीचं हाड हाताला टोचतंय का ते चाचप.

खाण्याचं थोडक्यात. अंड्यावरच्या कोंबडीला 16 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असलेलं लेअर खाद्य दे, पण तेच खाद्य लहान पिल्लांना देऊ नकोस; त्यातल्या कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडं बिघडतात. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेव, जिला गरज असेल ती खाईल. बारीक खडेही हवेत, दात नाहीत ना, दाणे पोटातल्या खड्यांनीच भरडले जातात. बुरशी आलेले दाणे, ॲव्होकॅडो, चॉकलेट, हिरवट बटाट्याच्या साली, कच्चा राजमा यांतलं काहीही देऊ नकोस. बागेत उंदराचं औषध तर अजिबात नको. औषध खाऊन मेलेला उंदीरही त्या टोचतात.

लसींबद्दल विकणाऱ्याला स्पष्ट विचार. मॅरेक्स या पाय-पंख लुळे पाडणाऱ्या विषाणूच्या रोगाची लस पिल्लू अंड्यातून निघाल्याबरोबर द्यायची असते, मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, पुढे पुन्हा पुन्हा द्यावी लागते. नवी कोंबडी आणलीस तर महिनाभर वेगळी ठेव, तिची भांडी वेगळी, आणि तिच्याकडे जुन्यांचं झाल्यावरच जा. देव न करो, पण एकदम दोन-तीन पक्षी दगावले तर उघड्या हाताने शिवू नकोस, पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळव. मुलांना कोंबड्यांचा फार लळा लागेल; त्यांना हाताळल्यावर साबणाने हात धुवायची सवय पहिल्या दिवसापासून लाव, कारण धडधाकट कोंबडीच्या शिटीतही साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.

आता जात. खरं सांगू, जातीपेक्षा वय बघ. पिल्लांना पहिल्या आठवड्यात 35 अंशांची ऊब लागते, रात्रभर जागावं लागतं. पहिल्या खेपेला तू तलंगाच, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या तरुण कोंबड्याच, घे, आणि तीनपेक्षा कमी घेऊ नकोस. एकटी कोंबडी झुरते. भुरी गेल्यावर दोघींनी किती दिवस नीट खाल्लं नव्हतं ते मी पाहिलंय. कोंबडा घेण्याआधी शेजाऱ्यांना आणि तिथल्या नियमांना विचार.

चांदणी सध्या खुडूक बसलीय. खाली एकही अंडं नाही, तरी उठत नाही. रोज दोनदा उचलून तिला पाण्यापाशी सोडतो, आणि ती घाईघाईने चार घोट पिऊन परत जाते. तू जागेचं माप घेतलंस की मला कळव. जाळी ठोकायला मी येतो, दोन दिवस राहायच्या तयारीनेच येतो.

तुझाच,
जुना मित्र