वेग कोणी आणि कसा मोजला, तेही छापा

महोदय,

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत ‘जगातील सर्वांत वेगवान मोटारसायकली’ अशी क्रमवार यादी आली. माझे हातखंब्याला दुचाकीचे गॅरेज आहे. तो अंक गॅरेजात पोचल्यापासून तिथे दुसरा विषय नाही. कामाला असलेल्या पोरांना यादी तोंडपाठ झाली आहे. छापून आलेल्या आकड्यावर ती इतका विश्वास ठेवतात म्हणूनच लिहायला बसलो. या यादीतले आकडे एकाच रांगेत उभे करण्यासारखे नाहीत.

पहिल्या क्रमांकावर डॉज टोमाहॉक आहे, वेग ताशी 480 किमीच्या पुढे. 2003 साली डेट्रॉइटच्या प्रदर्शनात ही गाडी मांडली गेली. व्हायपर मोटारीचे 8.3 लिटरचे, दहा सिलिंडरचे इंजिन आणि खाली चार चाके. त्या वेगाने ती कोणी पळवून दाखवलेलीच नाही. रस्त्यावर आणायची तिला परवानगी नव्हती आणि विकल्या गेल्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. कागदावरच्या दाव्याला आपण पहिला नंबर दिला आहे.

दुसरी कावासाकी निंजा एचटूआर. ही गाडी मला मनापासून आवडते. 998 सीसीच्या इंजिनाला सुपरचार्जर, म्हणजे हवा दाबून आत भरणारे यंत्र, बसवून 300 हून जास्त अश्वशक्ती काढणे ही साधी गोष्ट नव्हे. 2016 च्या जूनअखेर केनान सोफुओग्लू या तुर्की रेसरने उस्मान गाझी पुलावर 26 सेकंदांत मीटरवर 400 आणले, त्याच्या छातीला सलाम. पण तो आकडा गाडीच्या स्वतःच्या मीटरवरचा आहे आणि एकाच दिशेच्या धावेतला. शिवाय एचटूआरला हेडलाइट नाही, आरसे नाहीत. कंपनीच ती फक्त ट्रॅकसाठी विकते. आरटीओत तिला नंबर मिळणार नाही. रस्त्यावर चालते ती तिची बहीण एचटू, आणि तिची ताकद पुष्कळ कमी.

माझी कसोटी सरळ आहे. शोरूममधून कोणालाही घेता यावी, नंबरप्लेट लागावी, पंपावरचे पेट्रोल भरून तीच गाडी, काही न बदलता, मोजणीला उभी राहावी. हेलिकॉप्टरचे टर्बाइन बसवलेली वायटूके ही मोटारसायकल किंवा अमेरिकेत बोनव्हिलच्या मिठाच्या पठारावर 2011 मध्ये ताशी 218 मैल गाठणारी लाइटनिंग कंपनीची विजेवरची गाडी, दोन्ही अद्भुत आहेत. त्यांना वेगळी चौकट द्या. सुझुकी हायाबुसासारख्या शोरूमच्या गाडीच्या रांगेत त्यांना बसवू नका.

आता मीटरबद्दल, कारण सगळा घोळ तिथेच होतो. खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचे नाही, असे मीटरवर नियमाचे बंधन आहे. थोडे जास्त दाखवलेले चालते. त्यामुळे कंपन्या मीटर मुळातच चढे लावतात. टायर घासला की चाकाचा घेर कमी होतो, तेवढ्याच अंतराला चाक जास्त वेळा फिरते आणि काटा आणखी वर जातो. पिकअप वाढवायला पोरे मागचे स्प्रॉकेट, म्हणजे चेनचे दातेरी चाक, दोन-तीन दाते मोठे टाकतात. ज्या गाडीचा वेग टिपणारा सेन्सर गिअरबॉक्सवर असतो तिच्या मीटरला हा बदल कळत नाही. इंजिन आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाच्या फेऱ्यांच्या, मर्यादेला टेकले की मीटर पूर्वीचाच टॉप दाखवते, गाडी मात्र पूर्वीपेक्षा हळू चाललेली असते. असा आकडा मोबाइलवर टिपण्यासाठी पोरे चौपदरी झालेल्या महामार्गावर एका हाताने हँडल धरतात. मी त्यांना रागावतो. त्यांनी ऐकावे असे मला फार वाटते.

खरी मोजणी ठरलेल्या अंतरावर, बाहेरच्या यंत्राने होते. जागतिक विक्रमासाठी गाडी त्याच पट्ट्यावर दोन्ही दिशांनी पळवावी लागते आणि दोन्ही धावांची सरासरी धरतात. हे का, ते कोकणातल्या माणसाला समजावून सांगावे लागू नये. उन्हाळ्यात दुपारी गणपतीपुळ्याहून जयगडकडे सड्यावरून निघा. खारा वारा अंगावर येतो, शंभर सीसीची गाडी चौथ्या गिअरात गुदमरते. परत येताना तीच गाडी, तोच माणूस, आणि ॲक्सिलरेटर अर्धाच पिळलेला असताना ती सुसाट सुटते. एकाच दिशेचा आकडा घेतला तर त्यात वाऱ्याचा वाटा किती हे कळणार कसे?

वरच्या वेगाला हवा हाच खरा शत्रू असतो. वेग दुप्पट करायचा तर हवा कापायला आठपट ताकद लागते. होंडाची सुपर ब्लॅकबर्ड 1996 साली आली, तिचा वेग ताशी 287 किमीच्या आसपास. 1999 मध्ये सुझुकीची हायाबुसा आली आणि वेगवेगळ्या चाचण्यांत तिने 303 ते 312 गाठले. 287 वरून 303 वर जायला त्याच आकाराच्या गाडीला जवळपास 18 टक्के जादा ताकद हवी. दोन्ही इंजिनांत तेवढा फरक नव्हता. उरलेले काम त्या फुगीर, कोणाला कुरूप वाटणाऱ्या आकाराने केले. म्हणून मी हायाबुसाला मानतो. हजारोंनी विकलेली, नंबरप्लेटची गाडी, आणि अनेकांनी स्वतंत्रपणे मोजलेली.

त्यानंतर काय झाले ते यादीत यायलाच हवे होते. युरोपात अशा गाड्यांवर बंदी येईल या धास्तीने मोठ्या कंपन्यांनी आपसांत समजूत करून घेतली आणि 2000 च्या सुमारापासून वेग ताशी 299 किमीवर रोखला. नंतरची हायाबुसा, कावासाकीची झेडझेडआर 1400 या गाड्या इंजिनात दम असूनही तिथे थांबतात, कारण इलेक्ट्रॉनिक्स त्यांना थांबवते. आपल्या यादीत यांतली एक पाचवी आहे आणि दुसरी सातवी. हा क्रम कशावरून लावला? दोघींचा वेग कंपनीने एकाच ठिकाणी अडवला आहे. त्यांच्यात निवड करायचीच असेल तर उभ्या जागेवरून पाव मैल किती सेकंदांत कापतात ते पाहा, चढणीला कशी ओढतात ते पाहा, ब्रेक कसा लागतो ते लिहा.

तेव्हा माझी विनंती अशी की ही यादी दुरुस्त करून पुन्हा छापावी. प्रत्येक गाडीपुढे चार गोष्टी असाव्यात: वेग कोणी मोजला, कोणत्या यंत्राने, एका दिशेने की दोन्ही, आणि गाडी जशीच्या तशी होती की बदललेली. टोमाहॉक काढून टाकावी. एचटूआर वेगळ्या चौकटीत घ्यावी. 299 वर रोखलेल्या गाड्यांना क्रमांक देऊ नयेत. तो अंक मी गॅरेजच्या भिंतीवर लावीन.

आपला नम्र,
एक गॅरेजचालक, हातखंबा, जि. रत्नागिरी