नोटरी झाली म्हणजे प्लॉट नावावर झाला नाही

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

परभणी असो, नांदेड असो की बीड, गावाबाहेरच्या प्लॉटिंगमध्ये 'बॉण्डवर घेतलाय', म्हणजे नुसत्या स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलाय, म्हणणारे हमखास भेटतात. वर 'नोटरी केलीय, पक्कं काम आहे' हेही ऐकवतात.

नात्यातल्या एकाचा असा बॉण्ड परवा वाचायला मिळाला. दोघांचे फोटो, अंगठे, साक्षीदार, गोल शिक्का, लाल सील, नोटरीच्या रजिस्टरचा अनुक्रमांक. मजकूर तर खरेदीखतालाही लाजवेल असा: 'आजपासून सदर प्लॉटचे आपण कायम मालक झालात, माझा वा माझ्या वारसांचा हक्क राहिला नाही.' यातलं नोटरीने तपासलं काय? सही करणारा माणूस तोच आहे, एवढंच. सातबारा कुणाचा, बँकेचा बोजा आहे का, बहिणींची नावं लागायची राहिलीत का, जमीन इनामी तर नाही ना, याची हमी तो शिक्का देत नाही.

शंभर रुपये किंवा त्यापुढच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, हे 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहे. मुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात बजावलं. बॉण्ड अगदीच रद्दी नव्हे. 'करार पाळा' असा दावा लावताना तो पुराव्यात येतो. पण मुदत 3 वर्षांची, आणि मुद्रांक शुल्क कमी भरलेलं असेल तर आधी दंडासह भरा.

लोक हे हौसेने करत नाहीत. जमिनीचे छोटे तुकडे पाडायला मनाई करणाऱ्या तुकडेबंदी कायद्यामुळे गुंठा-दोन गुंठ्यांची रजिस्ट्री वर्षानुवर्षे अडायची, मग गरिबाने जायचं कुठं? तसं पाहिलं तर दस्त नोंदवणारा दुय्यम निबंधकही मालकीची खात्री देत नाही. पण दस्त नोंदला की नोंदणी कार्यालयाच्या यादीत, म्हणजे सूची 2 मध्ये दिसतो, पुढचा घेणारा शोध घेऊ शकतो. नोटरीचं रजिस्टर असतं त्याच्या कपाटात. तोच प्लॉट उद्या दुसऱ्याला खरेदीखताने विकला, तर बॉण्डवाला कोर्टाच्या तारखा मोजत बसणार.

विधी व न्याय विभागाने एक करावं. जमिनीच्या अशा प्रत्येक करारावर नोटरीच्या शिक्क्याशेजारी ठळक मराठीत 'या दस्ताने मालकी हस्तांतरित होत नाही' असं छापणं सक्तीचं करावं, आणि सही घेण्याआधी ते मोठ्याने वाचून दाखवावं.

आपला,
एक वाचक, परभणी