वोल्फ्सबुर्गला गाडीने जाणाऱ्यांसाठी

मंडळी, येत्या शुक्रवारी पहाटे ५ वाजता ॲमस्टरडॅमहून फोक्सवॅगनच्या जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्ग कारखान्याकडे निघायचंय. हायवे ए १, पुढे ए ३०, मग ए २. सुमारे ४५० किलोमीटर.

गाडीत धोक्याची सूचना देणारा त्रिकोण (गाडी बंद पडल्यास रस्त्यावर ठेवायचा), प्रथमोपचार पेटी आणि चमकतं जॅकेट हवंच. जॅकेट डिकीत नको, सीटखाली ठेवा. उजवीकडून ओव्हरटेक करायचं नाही. जर्मन हायवेवर वाहतूक तुंबली की सर्वांत डाव्या लेनने डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकायचं, मधून रुग्णवाहिका जाते. वेगमर्यादा नसेल तिथेही १३० पुरे, शर्यत नाहीये.

कारखान्यात फोटो काढायला मनाई. शाकाहारींनी डबा आणावा. तिथली प्रसिद्ध करीवुर्स्ट म्हणजे सॉसेज, ‘करी’ला भुलू नका!

कोण कोणाच्या गाडीत, ते बुधवारपर्यंत कळवा.