मुक्ताच्या लॅपटॉपबद्दल, सविस्तर

संज्या,

तुझा मेसेज वाचला आणि वाटलं फोनवर एवढं सगळं सांगून तुझ्या लक्षात राहणार नाही, म्हणून बसून लिहितोय, सावकाश वाच आणि दुकानात जाताना परत एकदा वाच. इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुक्तासाठी नवीन लॅपटॉप घ्यायचा की सांगलीतला तो दुकानदार दाखवतोय तो लेनोवो कंपनीचा जुना थिंकपॅड, हा तुझा प्रश्न. माझं मत विचारशील तर जुना घे, पण थिंकपॅडमधलं टी४८० हे मॉडेलच घे. तो म्हणेल टी४८०एस पण आहे, बारीक आहे, हलका आहे, किंवा टी४९० आहे, एक वर्षाने नवा आहे, तर सरळ नाही म्हण.

कारण असं की टी४८० मध्ये रॅमचे दोन स्लॉट आहेत आणि खालचं कव्हर काढलं की दोन्ही समोर दिसतात. टी४८०एस आणि टी४९० मध्ये थोडी रॅम मदरबोर्डवरच, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डवरच, सोल्डर केलेली असते आणि आपल्या हातात एकच स्लॉट राहतो, उद्या ती सोल्डरवाली चिप गेली की अख्ख्या बोर्डाचा खर्च. शिवाय टी४८० ला बॅटऱ्या दोन, एक आत २४ वॅट-अवरची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप) आणि एक मागून लावायची, मागची चालू लॅपटॉपवरच काढून दुसरी लावता येते. नंतरच्या मॉडेलांमधून ही सोय गेलीच. मुक्ता हा चार वर्षं वापरणार, तेवढ्यात बॅटरी दमणार, कीबोर्डची एखादी की जाणार, एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची ड्राइव्ह, भरणार, आणि दरवेळी फक्त तेवढा पार्ट बदलून पुढे जाता आलं पाहिजे. शिकणाऱ्या पोरांना असंच मशीन द्यावं असं मला मनापासून वाटतं, प्रत्येक बारीक गोष्टीला सर्व्हिस सेंटर आणि चार-पाच हजाराचं एस्टिमेट हे आपल्यासारख्यांना परवडत नाही रे.

आणि जुना म्हणजे फार जुना पण नाही. २०१८ चं मॉडेल आहे, इंटेलचा आठव्या जनरेशनचा आय५ प्रोसेसर, म्हणजे ८२५०यू नाहीतर ८३५०यू. विंडोज ११ इंटेलमध्ये साधारण आठव्या जनरेशनपासूनच चालतं, आणि विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, त्यामुळे त्याच्या आधीचा टी४७० कितीही स्वस्त मिळाला तरी आता त्याच्या वाटेला जाऊ नको.

आता दुकानातलं. पैसे द्यायच्या आधी लॅपटॉप चालू करताना एफ१ दाब आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या मूळ सेटिंगमध्ये, जा. सुपरवायझर पासवर्ड मागितला तर तिथूनच परत ये. हे लॅपटॉप बहुतेक मोठ्या ऑफिसांमधून निघालेले असतात, कधी कधी पासवर्ड तसाच राहतो, आणि तो विसरला तर कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे मदरबोर्ड बदलणं हा एकच उपाय आहे. दुकानदार म्हणेल काय फरक पडतो, विंडोज तर चालू होतंय ना, पण फरक पडतो, पुढे सांगतो. दुसरं म्हणजे टाइप-सीच्या दोन्ही पोर्टला चार्जर लावून बघ, दोन्हीवर चार्ज झाला पाहिजे. त्यातलं एक पोर्ट थंडरबोल्टचं, म्हणजे जास्त वेगाचं, आणि या मॉडेलमध्ये त्याच्या जुन्या फर्मवेअरमुळे (आतल्या सॉफ्टवेअरमुळे) ते कालांतराने नीट चालेनासं व्हायचं, त्यासाठी कंपनीने अपडेट काढलंय, घरी आणल्यावर पहिलं ते टाक.

तिथेच बॅटरी रिपोर्ट पण काढ. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट एवढं इंग्रजीत टाइप केलं की एक फाइल तयार होते, त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे शेजारी शेजारी असतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर बॅटरी बदलायचीच हे धरून भाव कर. दुकानदार बॅकअप दोन तास, तीन तास म्हणतो त्याला काही अर्थ नाही.

खर्चाचा क्रम माझ्या मते आधी बॅटरी, मग रॅम, मग एसएसडी. लोक बरोबर उलटं करतात, कारण एसएसडी बदलल्याचा फरक लगेच जाणवतो. पण बॅटरी हा एकच पार्ट असा आहे की त्यात गडबड झाली तर घरात धोका आहे. लिथियमची बॅटरी फुगली की टचपॅड वर उचलल्यासारखा वाटतो, क्लिक नीट होत नाही, खालचं कव्हर टेबलावर सपाट बसत नाही. असं दिसलं तर चार्जिंग लगेच बंद, बॅटरीला टोचायचं नाही, दाबायचं नाही, काढायला लोखंडी पट्टी तर अजिबात घालायची नाही, आणि कचऱ्याच्या गाडीत न टाकता ई-वेस्ट घेणाऱ्याकडे द्यायची. हे मुक्ताला पण सांगून ठेव, हॉस्टेलवर पोरं गादीवर ठेवून रात्रभर चार्ज करतात.

मागची बॅटरी २४, ४८ आणि ७२ वॅट-अवरची येते. मी म्हणेन ७२ ची घे, जाड आहे, वजन वाढतं, पण मशीन मागून थोडं उचललं जातं आणि खालून हवा पण बरी मिळते. विकत घेताना बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानकाचा, मार्क आणि आर अक्षराने सुरू होणारा रजिस्ट्रेशन नंबर बघ, आणि बनवल्याची तारीख बघ, कारण ओरिजिनल असली तरी तीन-चार वर्षं गोडाऊनमध्ये पडलेली बॅटरी न वापरता पण उतरते. लावल्यावर लगेच परत तोच रिपोर्ट काढायचा, ७२ ची म्हणून दिली आणि रिपोर्टमध्ये ५० च दिसले तर त्याच दिवशी परत कर, नंतर कोणी ऐकून घेत नाही.

रॅम डीडीआर४ लागते, लॅपटॉपवाली छोटी, २४०० स्पीडची. २६६६ किंवा ३२०० ची मिळाली तरी घे, चालेल, ती २४०० वर उतरून चालते. सध्या रॅमचे भाव भडकलेत, मेमरी बनवणाऱ्या कंपन्या माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळवतायत, मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपल्या क्रुशियल ब्रँडचा ग्राहकांना विकायचा धंदाच बंद करायचं जाहीर केलं. म्हणून आत ८ जीबीची एक स्टिक असेल तर ती काढून १६ ची नवी घेण्यापेक्षा रिकाम्या स्लॉटमध्ये अजून एक ८ ची वापरलेली टाक. दोन स्टिक असल्या की रॅमचे दोन्ही चॅनल, म्हणजे डेटाचे दोन्ही रस्ते, चालतात आणि याच्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड बहुतेक नसतं, ग्राफिक्स पण त्याच रॅममधून चालतं, त्यामुळे मुक्ताला कॅडमध्ये, म्हणजे ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, फरक दिसेल. वापरलेली रॅम घेतलीस तर रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासायचा प्रोग्राम, लावून ठेव, एक जरी एरर आली तरी परत.

एसएसडीत एक गोम आहे. टी४८० मध्ये अडीच इंची साटा ही जुन्या पद्धतीची ड्राइव्ह बसते, किंवा एक छोटी ट्रे आणि तिची केबल लावून एनव्हीएमई ही नव्या पद्धतीची, जास्त वेगाची बसते, त्यामुळे आत नक्की काय लावलंय ते उघडून बघितल्याशिवाय ऑर्डर करायची नाही. आणि एनव्हीएमई लावली तरी तिला इथे दोनच लेन (डेटा जायचे रस्ते) मिळतात, म्हणून जेन४ ची, म्हणजे नव्या पिढीची, महागडी घेऊन पैसे फुकट जातात, साधी जेन३ ची भरपूर झाली. जुनी ड्राइव्ह काढायच्या आधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोज ड्राइव्हला लावतं त्या कुलपाची, रिकव्हरी की लिहून ठेव, कागदावर, त्याच लॅपटॉपमध्ये नाही.

उघडायचं कसं ते आता सांगतो, इथे तो बायोस लागतो. बायोसमध्ये कॉन्फिग, मग पॉवर, तिथे डिसेबल बिल्ट-इन बॅटरी असा पर्याय आहे, तो दाबला की आतली बॅटरी झोपते आणि परत चार्जर लावेपर्यंत उठत नाही. मग मागची बॅटरी काढायची आणि मगच स्क्रू. खालच्या कव्हरचे स्क्रू सैल करायचे, ते कव्हरमध्येच अडकून राहतात, पण आतले राहत नाहीत, म्हणून एका कोऱ्या कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढ आणि जिथून स्क्रू निघाला तिथेच कागदावर सेलोटेपने चिकटव. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर बोर्डाला इजा होते. कव्हर उचकटायला जुनं एटीएम कार्ड चालतं, स्क्रूड्रायव्हर घालू नको. हात लावायच्या आधी नळाला नाहीतर कपाटाच्या लोखंडी हँडलला हात लाव, स्वेटर घालून बसू नको. रॅम तिरकी आत घालायची आणि खाली दाबायची, दोन्ही बाजूच्या क्लिपा टक्क वाजल्या पाहिजेत. फॅनवर हवा मारताना पातं बोटाने धरून ठेव, भन्नाट फिरू द्यायचं नाही.

स्क्रीन १३६६ पिक्सेलवाली असेल तर पुढेमागे फुल एचडी आयपीएस (जास्त स्पष्ट दिसणारी) टाकता येईल, पण त्यात केबलच्या ३० पिन आणि ४० पिनचा घोळ आहे, टचवाल्याला ४० लागतात, साध्याला ३०. पॅनेलच्या मागचं लेबल बघूनच घ्यायचं, आणि बॅटरी बंद केल्याशिवाय ती केबल काढायची नाही, नाहीतर बॅकलाइटचा फ्यूज उडतो. ते काम दिवाळीत आपण दोघं मिळून करू.

एवढं मात्र पक्कं धर की पार्ट मॉडेलच्या नावावरून मागवायचा नाही. प्रत्येक पार्टवर स्टिकर असतो, त्यावर एफआरयू नंबर, म्हणजे त्या पार्टचा कंपनीचा नंबर, लिहिलेला असतो, आणि टी४८० चं हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल कंपनीच्या साइटवर फुकट मिळतं, त्यात कुठला स्क्रू कुठे, कुठला नंबर कशाचा, सगळं चित्रासकट आहे. मुक्ताला ते वाचायला दे आणि कव्हर तिलाच उघडू दे, तू बाजूला बस. इंजिनिअरिंगला जाणारी पोरगी आहे, स्वतःच्या मशीनची तिला भीती वाटता कामा नये. मला हे कोणी शिकवलं नव्हतं, बघत बघत आलं, तिला आत्ताच येऊ दे.

बॅटरी आणि रॅम मी इथे पुण्यात तपकीर गल्लीत विचारून ठेवतो, आणि मुंबईला जाणं झालं तर लॅमिंग्टन रोडला पण चक्कर मारतो, तिकडे वापरलेले पार्ट जास्त मिळतात. तू फक्त दुकानदाराला आजच फोन कर आणि बायोसच्या पहिल्या स्क्रीनचा फोटो मागव, आला की मला पाठव, मग भाव ठरवू. वहिनींना नमस्कार सांग, मुक्ताला अभिनंदन.

तुझा,
मंद्या