ईसीजी नॉर्मल आला, आता पुढं काय?

सोलापूर
मे महिना, रविवार दुपार

प्रिय पम्या,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. 'ईसीजी नॉर्मल, टूडी इको नॉर्मल, तरी रात्री तीनला छाती धरून बसतो. मला वेड लागत नाहीये ना बे?' असं तू विचारलंस. याचं उत्तर अंगठ्यानं टाईप करायला घेतलं, पण चार ओळींतच ते खोटं वाटायला लागलं, म्हणून कागद घेतला. चाटी गल्लीतल्या माझ्या दुकानात या उन्हात गिऱ्हाईक फिरकत नाही, त्यामुळे वेळच वेळ आहे.

आधी तुझं उत्तर. वेड लागत नाहीये. तू लिहिलेलं सगळं मी ओळखतो. अचानक छातीत धडधड, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या, हात गार, घशाशी काहीतरी अडकल्यासारखं, आजूबाजूचं सगळं काचेपलीकडचं वाटणं आणि 'आत्ता, या क्षणी मी मरतोय' अशी पक्की खात्री. याला पॅनिक अटॅक म्हणतात. मलाही गेली काही वर्षं हे होतंय. तुला बोललो नाही, कारण दाखवण्यासारखं काही नसतं ना. ताप असता तर थर्मामीटर तरी दाखवला असता.

माझ्या डॉक्टरांनी जे समजावलं ते तुला सांगतो. तू इंजिनिअर आहेस, तुला यंत्राची भाषा लगेच कळेल. शरीरात धोक्याची एक घंटा आहे. ती वाजली की ॲड्रिनलिन सुटतं, हृदय जोरात पळतं, श्वास भरभर होतो. समोर खरंच बैल शिंगं रोखून उभा असता तर ते सगळं कामाला आलं असतं. पण तू गादीवर बसलायस. पळायचं नाही आणि श्वास मात्र पळणाऱ्याचा, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यानंच मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. म्हणजे 'हवा पुरत नाही' असं वाटतं तेव्हा हवा उलट जास्तच झालेली असते. हे कळल्यावर मी पहिल्यांदा हसलो होतो. बहुतेक वेळा दहाएक मिनिटांत ते शिखराला जातं आणि मग उतरायला लागतं. नंतर अंग मात्र असं गळून जातं की जसं काही दिवसभर गठ्ठे उचललेत. आणि हो, कागदी पिशवीत तोंड घालून श्वास घ्यायचा तो जुना उपाय कुणी सांगितला तर करू नकोस. त्रास खरोखर हृदयाचा किंवा फुप्फुसाचा निघाला तर तो अंगाशी येऊ शकतो.

डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागं एक गोल काढला होता. अंगात काहीतरी जाणवतं, मन म्हणतं 'हा हार्ट अटॅक', त्यानं भीती वाढते, भीतीनं धडधड वाढते आणि मन म्हणतं 'बघ, मी म्हटलं नव्हतं?' डेव्हिड क्लार्क नावाच्या इंग्लंडमधल्या मानसशास्त्रज्ञानं १९८६ साली ही मांडणी केली आणि आजचे बरेचसे उपचार तिच्यावरच उभे आहेत. हा गोल तोडायचा तर धडधड थांबवायच्या मागं लागायचं नाही. धडधडीचा अर्थ बदलायचा.

आता सोलापुरात धडधडायला निमित्त काय कमी आहे? मे महिन्यात पारा त्रेचाळीसला टेकला की निरोगी माणसाचं हृदयसुद्धा जोरात चालतं. त्यात आपल्याकडं नळाला पाणी काही दिवसांआड, तेही कधीकधी अपरात्री. झोपेतून दचकून उठायचं, मोटर लावायची, टाकी भरली का बघायला गच्चीवर पळायचं. जिना चढून वर गेलो की छाती ठोके देतेच. पूर्वी मी तिथंच पाण्याच्या टाकीला टेकून नाडी मोजत बसायचो. खाली पाणी वाहून जातंय, बायको हाका मारतेय आणि मी आपला आकडे मोजतोय.

हे मोजणं हीच खरी भानगड आहे पम्या. तुझ्या त्या ठोके मोजणाऱ्या घड्याळाबद्दल तू मोठ्या कौतुकानं लिहिलंयस, पण मला तेच वाचून काळजी वाटली. माझ्याकडं कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर होता, बीपीचं मशीन होतं आणि मानेवर दोन बोटं ठेवायची सवय होती. आकडा ९८ आला की जीव भांड्यात पडायचा. तासाभरानं वाटायचं, बोट नीट लागलं होतं का? पुन्हा लाव. थकबाकीदार गिऱ्हाइकाला उधार देत राहावं तसा प्रकार आहे हा. आज दिलं की तो खूश होऊन जातो आणि उद्या जास्त मागायला येतो. रिपोर्टचंही तेच. नॉर्मल रिपोर्टचा दिलासा मला संध्याकाळपर्यंत पुरायचा. रात्री मोबाइलवर लक्षणं टाकून शोधलं की सकाळचा रिपोर्ट शिळा.

याचा अर्थ तपासणी नको असा नाही. तू एकदा सगळं करून घेतलंस ते बरोबरच केलंस. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन राहिलं असेल तर तेही विचारून घे, कारण थायरॉईड वाढलं, रक्त कमी झालं किंवा हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडली तरी असंच वाटू शकतं. चढताना किंवा चालताना छाती दाबल्यासारखी दुखली, कळ हातात किंवा जबड्यात गेली, घाम सुटून दुखणं थांबेनासं झालं किंवा त्रास नेहमीपेक्षा वेगळा वाटला, तर माझं पत्र आठवत बसू नकोस, १०८ ला फोन कर. पण डॉक्टरांनी नीट तपासून 'हृदय ठीक आहे' म्हटल्यावर तोच खटला रोज रात्री तीन वाजता नव्यानं चालवायचा नाही, एवढंच माझं म्हणणं.

घरच्यांचं काय करायचं ते कुठल्याच गोळीत लिहिलेलं नसतं. आईनं मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. शेजारच्या काकांनी 'गॅस आहे रे, सोडा पी' म्हणून निकाल दिला. आपल्या गावात छातीच्या वरचं सगळं पित्त आणि खालचं सगळं गॅस. शेंगा चटणी महिनाभर बंद झाली, कडक भाकरीही गेली, बिचाऱ्यांचा काही संबंध नसताना. बायको म्हणाली, एकट्यानं कुठं जाऊ नका. ती मायेनंच म्हणाली, पण त्या मायेनं माझा नकाशा आकसत गेला. आधी बाजार समिती सुटली, मग होटगी रोडवरची लग्नं, मग थिएटर. शेवटी घर आणि दुकान एवढंच सोलापूर उरलं. प्रत्येक जागा सोडताना बरं वाटायचं आणि पुढची जागा आपोआप भीतीदायक व्हायची.

मग समुपदेशक ताईंनी बायकोलाच बोलावून घेतलं. सांगितलं, 'तुम्हाला काही होणार नाही' असं शंभरदा म्हणू नका. म्हणा, 'आलं का? बरं, येऊ दे', आणि हातातलं काम चालू ठेवा. आता मला धडधड सुरू झाली की आमची ही मेथीची जुडी माझ्यासमोर टाकते. सुरुवातीला मला राग यायचा. मी मरतोय आणि हिला भाजी निवडून हवीय! पण जुडी संपेपर्यंत बहुतेक वेळा उतार लागलेला असतो. वहिनींना हे जरूर सांग.

ताईंनी आणखी एक चमत्कारिक गोष्ट करून घेतली. हृदय ठीक आहे हे डॉक्टरांकडून कळल्यावर, मुद्दाम तीच लक्षणं आणायची. जिना भरभर चढ-उतर, जागेवर गोल फिरून गरगरवून घेणं, बारीक स्ट्रॉमधून श्वास घेणं. मी दुकानात शटर अर्धं ओढून गोल फिरत होतो आणि हमाल गठ्ठा खांद्यावर घेऊन तसाच बघत उभा. त्याला काय सांगणार? पण शरीराला त्यातून कळत जातं की गरगरलं म्हणजे पडलो नाही. हे तू मनानं सुरू करू नकोस, कुणाच्या तरी देखरेखीखाली कर.

गोळ्यांची तुला भीती वाटते, ते तुझ्या शब्दांवरूनच कळलं. मी एसिटालोप्राम घेतो, चिंतेवरची रोजची गोळी. लागू पडायला काही आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात बेचैनी उलट वाढू शकते. हे आधी माहीत असलं की माणूस घाबरून सोडत नाही. बरं वाटलं म्हणून आपल्याच मनानं बंदही करायची नाही. अल्प्राझोलॅमबद्दल मात्र सावध राहा. ती लगेच शांत करते म्हणूनच तिची सवय लागते. मेडिकलवाला ओळखीचा आहे म्हणून पट्टी आणून ठेवू नकोस, डॉक्टर सांगतील तेवढीच घे.

तुला वाटेल मी आता ठणठणीत झालो. नाही. मालाच्या कामासाठी मुंबईला निघालो तेव्हाचं सांगतो. वंदे भारतमध्ये बसलो. दरवाजे आपोआप लागणारे, मधे उघडता येत नाहीत. मला ते चढताना सुचलंच नाही, कुर्डुवाडी सुटल्यावर सुचलं. बस्स, सुरू! तळहात भिजले, कानात गाडीचा आवाज लांब गेला. धोक्याच्या बटणावर नजर गेली. खिशात गोळी नव्हती, ताईंच्या सांगण्यावरून मुद्दाम घरी ठेवली होती, आणि त्या घटकेला त्यांना मी काय काय शिव्या दिल्या ते लिहीत नाही. मग ऑर्डरची वही काढली आणि टॉवेल, बेडशीट, नॅपकिन लिहायला लागलो. अक्षर असं की आजही मला वाचता येत नाही. श्वास लांब सोडायचा, बाकी काही थांबवायचं नाही. 'ये, बस शेजारी,' असं मनात म्हटलं. जेऊर मागं गेलं तेव्हा कधीतरी जोर ओसरला होता. भिगवणजवळ उजनीचं पाणी दिसलं आणि मी पोह्यांचं पाकीट फोडलं. पुण्यानंतर पुन्हा एक हलकी लाट आली. तीही गेली.

सिद्धेश्वर यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला मात्र संमती कट्ट्यापाशी जाणं अजून जमलेलं नाही. एवढी पांढरी बाराबंदी, नंदीध्वजांच्या काठ्या, 'हर्र बोला हर्र'चा गजर आणि मागं वळायला जागा नाही. यंदा लांबून कोपऱ्यावर उभा राहिलो. लहानपणी आपण दोघं माणसांच्या पायांतून पुढं घुसायचो, आठवतं का? येत्या जानेवारीत थोडं पुढं जाऊन उभं राहीन म्हणतो.

तू पुण्यात आहेस, तिथं मानसोपचारतज्ज्ञ शोधायला अडचण नाही. या आठवड्यातच वेळ घे. तोवर रात्री फारच झालं तर टेलिमानसला लाव, नंबर १४४१६. सरकारनं २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू केलेली मानसिक आरोग्याची फोनसेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. मला लावलास तरी चालेल, पण मी 'काही होणार नाही' म्हणणार नाही हे आधीच सांगून ठेवतो. मी मेथी निवडायला लावीन.

आणि ते घड्याळ रात्री काढून ठेवत जा. पुढच्या शनिवारी हुतात्मा एक्स्प्रेसनं ये. ऑक्सिमीटर घेतला असशील तर तो पुण्यातच राहू दे. चटणी खायला सुरुवात केलीय, तुझ्यासाठीही बांधून ठेवतो.

तुझाच,
बाप्या